गिरणी थांबवणारे आबा

आमच्या येरमाळ्यात पिठाच्या तीन गिरण्या आहेत. त्यातल्या दोन वीज गेली की बंद पडतात. तिसरी नामदेव आबांची. ती लेकरू खोकलं की बंद पडते.

दळणाला रांग लागलेली असते, जात्याच्या तोंडात कुणाची तरी ज्वारी पडत असते, आणि रांगेतल्या एखाद्या बाईच्या काखेतलं तान्हं खोकतं. इतक्या घरघराटात आबांना ते कसं ऐकू येतं, देव जाणे. पण ते खटका दाबतात. भरल्या जात्यावर मोटर बंद केली की ती पुन्हा उचलत नाही. जातं उकलून अर्धवट पीठ काढावं लागतं, त्यात पाव तास जातो. बायका कुरकुरतात. आबा धोतराला हात पुसतात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मनगटी घड्याळ खिशातून काढतात, लेकराचं झबलं वर करायला लावतात आणि सगळ्या रांगेला सांगतात, “गप ऱ्हावा. मोजाया लागलोय.”

मग पूर्ण एक मिनिट ते लेकराच्या पोटाचं वरखाली होणं बघत उभे राहतात. भुवयांवर पीठ, ओठ हलताहेत, रांग मुकाट. लेकरू रडत असलं तर ते शांत होईपर्यंत थांबायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करा, असं एका कॉलेजच्या पोरीनं सुचवलं होतं. लेकराचा दम काय मीटरवर चालतोय व्हय, असं म्हणून आबांनी तिला रांगेत शेवटी पाठवलं.

आकडा पन्नासच्या आत आला की आबा आईला अंगावर पाजत राहायला सांगतात आणि जातं उकलायला घेतात. दोन महिन्यांच्या आतलं लेकरू असेल तर साठ. त्याच्या वर गेलं की त्यांचं एकच वाक्य: “वर बघू नका, गाडी बघा.” म्हणजे देवाचा धावा नंतर, आधी दवाखाना.

एकदा बाहेर बांधलेलं शेळीचं पिल्लू खोकलं आणि गिरणी थांबली. बायका हसून हसून बेजार झाल्या. एक म्हातारी म्हणाली, मोजा की आता त्याचं बी. आबांनी खरंच मान वाकडी करून त्या पिल्लाकडं पाहिलं आणि म्हणाले, ह्याचं किती लागतं ते ठावं न्हाय मला.

चैत्राच्या उन्हात एक आजीबाई नातवाला दोन स्वेटर, कानटोपी आणि वर शाल अशा थाटात घेऊन आल्या. सर्दी होती म्हणे. आबांनी एकेक पदर उतरवला आणि विचारलं, “ह्ये लेकरू हाय का कोबी?” एका नव्या आईच्या पिशवीत खोकल्यासाठी आणलेली मधाची बाटली दिसली, ती त्यांनी काढून घेतली. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही. ती बाटली त्यांनी स्वतः भाकरीबरोबर आठ दिवसांत संपवली. सत्तरीनंतर चालतो, म्हणाले.

मी इथल्या शाळेत शिक्षिका आहे. याद्या करते, त्याप्रमाणे कामं उरकते. आबांबद्दल माझं मत इतकंच होतं की माणूस चक्रम आहे, पण पीठ बारीक देतो.

मागच्या थंडीत माझी मुलगी स्नेहल बाळंतपणानंतर माझ्याकडं होती. नात आर्वी साडेतीन महिन्यांची. तिला सर्दी झाली, मग खोकला. मी फ्रीजवर यादी लावली. अंगावर पाजणं, नाक पुसणं, गरम कपडे, छातीला कापराचं मलम, नाकात कोमट तेलाचे दोन थेंब, आणि सकाळ-संध्याकाळ धुरी. धुरी माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या आग्रहानं. शेगडीत निखारे, त्यावर ओवा आणि लसणाची टरफलं, दार-खिडक्या लावून वर लेकरू धरायचं. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. स्नेहलचं लहानपणीचं सगळं याच धुरीवर झालं होतं. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट सगळं वेळेवर चाललंय याचं समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी आबा पिठाचा डबा पोचवायला आले. तान्हं खोकतंय असं कळलं की त्या घरातल्या बाईला ते गिरणीत येऊच देत नाहीत, पिठाची धूळ लेकराच्या छातीत जाते म्हणून. दळण स्वतः घरी आणून देतात. दारातच त्यांना वास आला. डबा खाली ठेवला, विचारलं नाही की काही नाही, सरळ आत. आमच्याकडं बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष पाऊल टाकत नाही. आत्याबाई पदर सावरत ओरडल्या, लाज न्हाय का म्हणून. आबांनी शेगडी दोन्ही हातांनी उचलली, पंजे भाजत असताना अंगणात नेली आणि तिच्यावर बादली ओतली. मग दार उघडलं, खिडकी उघडली.

त्यांनी आर्वीचा दम मोजला. बेचाळीस. बरंय, म्हणाले. मग फ्रीजवरची माझी यादी वाचली आणि माझ्याच पेन्सिलीनं तीन ओळी खोडल्या. तेल खोडलं, कारण ते नाकातून खाली फुप्फुसात उतरतं. मलम खोडलं, एवढ्या लहान जीवाला ते सोसत नाही. धुरीवर तर दोनदा रेघ मारली. त्याऐवजी काय, ते सांगितलं: मेडिकलमधले सलाइनचे थेंब पाजण्याआधी नाकात, म्हणजे नाक मोकळं होऊन पिता येतं. थोडं थोडं, सारखं पाजायचं. खोकल्याचं औषध डॉक्टरांनी दिल्याशिवाय नाही. आणि मोजायचं, दिवसातून तीनदा, झोपलेली असताना.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. माझी यादी आजवर कुणी खोडली नव्हती. तरी मी नवी यादी लिहिली आणि आकड्यांसाठी रकाना आखला. बेचाळीस. चव्वेचाळीस. त्रेचाळीस.

चौथ्या दिवशी दुपारी छप्पन्न आला. मी पुन्हा मोजलं. अठ्ठावन्न. बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती आणि आर्वी सकाळपासून नीट प्यायली नव्हती. आत्याबाई म्हणाल्या, धुरी बंद केली म्हणूनच छाती भरली, आता तरी द्या. स्नेहल माझ्या तोंडाकडं बघत होती. पन्नास वर्षांच्या बाईला काय करावं ते कळू नये, असा तो क्षण होता. मी गिरणीकडं गेले आणि फक्त आकडा सांगितला.

आबांनी खटका दाबला. कुणाचं दळण होतं ते पाहिलंसुद्धा नाही. हायवेवर जाऊन त्यांनी एक जीप अडवली, आमच्या दारात आणली आणि आमच्याबरोबर पुढच्या सीटवर बसले. धाराशिवला पोचेपर्यंत ते एकदाही मागं वळले नाहीत. दर दोन-चार मिनिटांनी विचारत होते, दम चालू हाय न्हवं? मी हो म्हणत होते. आर्वीला ऑक्सिजन लावला तेव्हा ते वॉर्डाच्या दाराशी पिठानं पांढरे उभे होते. आत आले नाहीत.

पाच दिवसांनी आम्ही तिला घरी आणलं. न्यूमोनिया होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात.

पेढे घेऊन मी आबांकडं गेले. त्यांचं घर गिरणीच्या मागेच आहे. आबा जात्याच्या दगडाला टाकी लावून धार काढणारा कारागीर आणायला जवळच्या वाशीला गेले होते. पारूकाकू, त्यांची बायको, शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. लेकरू पितंय का, विचारलं. पितंय, म्हटलं. मग त्या आपणहून बोलायला लागल्या.

त्यांची पहिली मुलगी होती. चार महिन्यांची. येडाई देवीच्या यात्रेचे दिवस, पुरणपोळीच्या गव्हांची दळणं, गिरणीपुढं गर्दी. पोरीला तीन दिवस खोकला. शेजारणींनी दार लावून धुरी दिली. तिचं पोट भरभर हलायला लागलं तेव्हा काकूंनी आबांना बोलावून आणलं. ते आले, दारातून बघितलं, धुरीनं उतरंल म्हणाले आणि राहिलेली दोन दळणं काढायला गेले. दोन दळणं म्हणजे अर्धा तास.

“परत आले तवा म्या मांडीवरच घिऊन बसली हुती,” काकू म्हणाल्या. “त्यांला वाटलं, निजली.”

पुढं आबा आठ दिवस आरोग्य उपकेंद्राच्या पायरीवर जाऊन बसले. तिथल्या नर्सबाईंनी शेवटी वैतागून त्यांना दम मोजायला शिकवलं. नंतर दोन मुलगे झाले, ते आता पुण्याला असतात. त्यांना या बहिणीचं ठाऊक नाही. आबा तिचं नाव घेत नाहीत. फक्त अधूनमधून जेवायला बसले की ताट तसंच ठेवून काकूंना विचारतात, तवा तिचं किती चाललं आसल गं?

एवढ्या वर्षांनी?

“ह्या आठवड्यात रोज इचारलं.”

“मग तुम्ही काय सांगता?”

“चाळीस म्हणती. चाळीस म्हंजे भेव न्हाय. कुणाला काय कळलं नसतं. मंग जेवत्यात.”

काकूंनी शेंगांचं सूप जवळ ओढलं. एक कुचकी शेंग बाजूला टाकली.

“मला इसाच्या पुढं मोजाया येत न्हाय, बाई,” त्या म्हणाल्या. “त्यांला ठावं हाय.”