कळसूबाईची ओटी आणि दोन विहिणी

"चढायचं म्हंजे काय, एक पाय उचलायचा आन् दुसऱ्याच्या पुढं ठिवायचा," असं झुंबरबाईनं नेवाशाला एस.टी.त बसतानाच जाहीर करून टाकलं. तिच्या गावात उंच जागा दोनच. एक प्रवरेचा काठ आणि दुसरी मारुतीच्या देवळाचा कट्टा. कळसूबाईचं शिखर म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राचं डोकं. पण झुंबरबाईला कुणाच्या डोक्यावर चढायची भीती कधीच नव्हती.

आणि या खेपेला नातवाचं नाव पणाला लागलं होतं.

बारशाला पाळण्यापाशी दोन नावं निघाली. झुंबरबाईला पोराला तिच्या सासऱ्याचं नाव ठेवायचं होतं, पुंजाराम. सासरा असा की त्यानं सोळा वर्षांच्या सुनेच्या हाती कोठीच्या किल्ल्या दिल्या आणि मरताना एवढंच मागितलं, माझं नाव घरात राहू दे. तिकडं विहीण गोजरबाई, कळसूबाईच्याच डोंगराळ अकोले तालुक्यातली, तिच्या मास्तर झालेल्या लेकानं सुमंत हे नाव काढलेलं. सुमंत नाव ठेवलं तर पोरगं सदऱ्याला इस्त्री मागंल, औत कोण धरील, असं झुंबरबाईनं भर बायकांत विचारलं. पुंजाराम ठेवलं तर पोरगं पाळण्यातच म्हातारं होईल, असं गोजरबाईनं पाळण्याची दोरी न सोडता उत्तर दिलं. तेव्हापासून दहा महिने पोर नुसतं 'बाळ' होतं.

नातू व्हावा म्हणून दोघींनीही कळसूबाईला ओटीचा नवस केलेला, एकमेकींना न सांगता. शेवटी गोजरबाईच्या मालकांनी, व्याही सहादेवपाटलांनी, तोड काढली. दोघींनी एकाच दिवशी डोंगर चढायचा. जिची ओटी देवीला आधी पोचेल, तिच्या नवसाचं पोर आणि तिचंच नाव.

निकाल सगळ्यांनी तिथंच ओळखला. गोजरबाई डोंगरातली, शेळीसारखी काटक. झुंबरबाईला बैलगाडीत बसवायचं तर आधी दुसऱ्या बाजूला दोन पोती ठेवावी लागत. पण तिच्यापाशी एक हत्यार होतं. ती वरमाई होती. मुलीच्या आईनं वरमाईच्या पुढं चालू नये, ती बसल्याबिगर बसू नये, तिच्या आधी पाण्याला तोंड लावू नये. आणि गोजरबाई रीतीची पक्की.

बांगलादेशची लढाई लागायच्या आदल्या महिन्यातली ही गोष्ट. दिवाळी होऊन गेलेली, डोंगरावरचं गवत पिवळं पडलेलं, सकाळचा गारठा हाडात शिरणारा. दिवस उगवायला बारी गावातून मंडळी निघाली. झुंबरबाई दोन्ही हात कमरेवर ठेवून पाऊलवाटेच्या मधोमध चालू लागली. मागं गोजरबाई. तिच्या मागं झुंबरबाईचा लेक रंगनाथ, डोक्यावर पाटी आणि हातात पाण्याची कळशी घेऊन, आणि बाळाला कडेवर घेतलेली सून विजया.

पहिल्याच चढाला झुंबरबाईचा भाता वाजायला लागला. आपण बसलो की विहिणीलाही बसावं लागणार, असा तिचा हिशेब. ती दगडावर टेकते न टेकते तोच गोजरबाई गुळाच्या आवाजात म्हणाली, "बसा, विहीणबाई, निवांत बसा. मी आपली उभ्यानंच जरा वर जाऊन सावली बघते."

चालत्या वरमाईच्या पुढं जायचं नाही, पण बसलेल्या वरमाईच्या पुढं जायला रीतीची आडकाठी नव्हती! झुंबरबाई विंचू चावल्यागत उठली. त्यानंतर बसणं बंद. आणि आपल्याला बसता येत नाही तर विहिणीला पाणी तरी का मिळावं, म्हणून तिनं रंगनाथनं पुढं केलेला तांब्या परत केला. तहान लागलीच नाही म्हणाली. गोजरबाईनं तांब्याकडं बघून आवंढा गिळला. अशा दोघी एकमेकींच्या मानापायी सुकत, एकमेकींच्या धाकानं चढत, इतक्या झपाट्यानं निघाल्या की पाटी, कळशी, लेक, सून, नातू, सगळं खाली कुठंतरी ठिपक्याएवढं होऊन गेलं.

शिखराच्या अलीकडं कडा आला, साखळी धरून चढायचा. झुंबरबाई निम्म्यात गेली आणि तिनं खाली पाहिलं. बारीची घरं ज्वारीच्या दाण्याएवढी दिसली. तिनं डोळे मिटले, साखळीला मिठी मारली आणि तिथंच थिजली.

"काय झालं, विहीणबाई?" खालून गोजरबाई.

"काय न्हाई. देवीचं नाव घेती."

देवीचं नाव अर्धा तास चाललं. बाजूनं जायला जागा नव्हती, आणि असती तरी वरमाईला ओलांडायचं कसं? खाली पाच-सहा जण खोळंबले. एकानं तर वर पोतं अडकलंय का, असं विचारलं. अखेर गोजरबाईनं पदर खोचला, डोकं झुंबरबाईच्या बुडाखाली लावलं आणि चिखलात रुतलेली गाडी रेटावी तशी ती रेटायला लागली. आपली हार अशी डोक्यावर घेऊन कडा चढलेली बाई त्या डोंगरानं दुसरी पाहिली नसेल.

वर पोचताच झुंबरबाईनं कमरेचं गाठोडं सोडलं. खण, नारळ, मूठभर गहू. कुणावर भरवसा नाही म्हणून नेवाशापासून अंगावर बाळगलेलं. गोजरबाईची ओटी रंगनाथच्या पाटीत, तासभर खाली. झुंबरबाईनं देवीची ओटी भरली, पदर सारखा केला आणि चहूकडं नजर फिरवली. सगळा मुलूख तिच्या पायाखाली होता. त्यात विहीणही होती.

पुजाऱ्यानं अंगाऱ्याची चिमूट उचलली. "लेकराचं नाव सांगा."

झुंबरबाईनं तोंड उघडलं. आणि मिटलं.

सासऱ्याचं नाव. चाळीस वर्षांत ते तिच्या ओठावर आलं नव्हतं. सुनेनं ते घ्यायचंच नसतं.

"आमच्या मामंजींचं नाव," ती कशीबशी म्हणाली.

"आन् मामंजींचं नाव काय?"

अख्ख्या पंचक्रोशीला गप्प करणाऱ्या बाईनं गोजरबाईकडं पाहिलं. आता गोजरबाईनं नुसतं सुमंत म्हटलं असतं तरी अंगारा त्याच नावानं लागला असता. झुंबरबाईनं जन्मात पहिल्यांदा कुणापुढं तरी नजरेनं हात जोडले.

गोजरबाईनं घाम पुसला. हरली तर हरली, पण रीत सोडणारी नव्हती.

"पुंजाराम," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "पुंजाराम रंगनाथ."

झुंबरबाई जिंकली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर जिंकली.

तासाभरानं सून पोराला घेऊन पोचली. गोजरबाईनं नातवाला उचललं, तसं त्यानं तिचं लुगडं भिजवलं.

"आरं पुंज्या, गधड्या! आजीवर मुततो व्हय?"

झुंबरबाईचा हात आपोआप पदराकडं गेला. तिनं डोक्यावरून पदर पुढं ओढला आणि खाली मान घालून चार पावलं मागं सरकली. मग पोर रडायला लागलं, तशी तिनं नजर न उचलताच लांबून हात पसरले.

"उगी राहा, मामंजी," ती हळूच म्हणाली. "दूध घेता का?"