सुटतंय का?

औशाला एका लग्नात मन्मथअप्पांनी नवरदेवाच्या वडिलांचा हात हातात घेतला, स्टेजवरच्या जोडप्याकडं टक लावून बघितलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "जोडलं ते दिसलं. पण सुटतंय का?"

अक्षता पडून पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. नवरदेवाची आई माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मीच त्यांना शिकवून आणलं होतं. आता काय सांगू कप्पाळ! आम्ही अप्पांच्या जीपमधून आलो होतो आणि जीपच्या मागं त्यांचं घर होतं. घर म्हणजे खरोखरचं घर, दोन चाकांवरचं. ते सहा दिवसांपासून जीपला अडकून बसलं होतं आणि काही केल्या सुटत नव्हतं. अप्पांच्या डोक्यात दुसरा विचारच नव्हता, त्यामुळं दोन वस्तू शेजारी शेजारी दिसल्या की त्यांच्या तोंडून हेच यायचं. हे सगळं मी त्या बाईंना नीट समजावून सांगितलं. त्यांना पटलं नाही.

अप्पा लातूरला आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. चाळीस वर्षं त्यांनी आडत दुकान चालवलं. आता दुकान मुलगा बघतो आणि अप्पा आम्हाला बघतात. सकाळी "शरणार्थ, बाई" म्हणून कुंपणावर हात ठेवला की तो हात जेवणाच्या वेळेपर्यंत तिथंच. मी शाळेत तीस वर्षं पोरं गप्प बसवली, पण या माणसापुढं माझं काही चालत नाही.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी अप्पांनी गिरिजाकाकूंना कबूल केलं होतं, तुला कूडलसंगमाच्या यात्रेला नेतो. मग औंदा तुरीची आवक लई हाय, औंदा सोयाबीनचं काही खरं न्हाई, औंदा पोरीचं बाळंतपण, असं करत करत काकू अडुसष्टच्या झाल्या. दुकान सुटल्यावर अप्पा म्हणाले, "चल आता." तर काकूंची अडचण निघाली. त्यांची पूजा पहाटेची, स्वयंपाक स्वतःच्या ओट्यावर, आणि दुसऱ्याच्या उशीवर डोकं टेकलं की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. लॉजचं नाव काढलं तरी अंगावर काटा.

"मग घरच घेऊन जाऊ की," अप्पा म्हणाले.

दुसरा कुणी असता तर ते बोलणं हसण्यावारी गेलं असतं. अप्पांनी वेल्डिंगच्या शेडमध्ये घर बांधायला टाकलं. पत्र्याच्या भिंती, त्यांना घरासारखाच पिस्ता रंग. आत छोटा ओटा, देवाची देवळी, खिळ्यावर तेच कॅलेंडर. त्यांच्या स्वयंपाकघरातलं दिव्याचं बटण उलटं बसलेलं आहे, खाली केलं की लागण्याऐवजी बंद होतं. अप्पांनी इथंही ते मुद्दाम उलटं बसवून घेतलं. म्हणाले, "पहाटं तिचा हात चुकाया नको."

आता हे घर जीपला जोडायचं कसं? वेल्डरनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला असते तशी दांडी लावून दिली. छिद्रावर छिद्र आणायचं आणि वरून जाड पिन टाकायची. सांगायला सोपं. चार माणसांनी दांडी उचलायची, अप्पांनी जीप इंच इंच मागं घ्यायची आणि एकानं वाकून "थोडं, थोडं, बास, बास, गेलं!" म्हणून ओरडायचं. आमचे हे पोस्टातून धडधाकट रिटायर झाले होते, त्यांची कंबर तिथं कामाला आली.

एकदाचं जोडलं. काकूंनी कडक भाकरी, शेंगाची चटणी बांधली, ट्रंक चढवली, शेजारणींना हळदीकुंकू दिलं. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि थांबली. अप्पा खाली उतरले.

"एकडाव सोडून बघू," म्हणाले.

पिन ताणात अडकली होती. घण मारला तरी निघेना. अप्पांनी घाम पुसला आणि जाहीर केलं, "सुटंना झालंय. जायचं न्हाई."

"अहो अप्पा," आमचे हे कंबर धरून म्हणाले, "जोडलंय ना? मग जा की! जाताना जोडलेलं, मुक्कामाला जोडलेलं, येताना जोडलेलं. सोडायचंय कामून?"

अप्पांनी काकूंची ट्रंक खाली उतरवली. काकूंनी ट्रंक उघडून लुगडी परत कपाटात लावली. भाकरी गल्लीत वाटल्या. पुढं पिन बदलली, दांडी बदलली, तरी दरवेळी तेच. अशा काकूंच्या तीन सहली आम्ही बसून खाल्ल्या. चटणी फार सुंदर होती, पण तिसऱ्या वेळी मी घास ताटातच ठेवला. मी कुंपणावर जाऊन अप्पांना सरळ सुनावलं, "त्या माउलीनं चाळीस वर्षं वाट बघितली. आता काय त्या पिनेपायी जन्म काढायला लावता?"

"बाई," अप्पा शांतपणे म्हणाले, "तुमी समदे निस्तं जोडायचं बघून राहिले."

मग त्यांना मोबाइलवर गोळा-वाटी सापडली. जीपच्या मागं लोखंडी गोळा, घराच्या दांडीला उलटी वाटी. वाटी गोळ्यावर बसवायची, खिट्टी दाबायची, काम खलास. सोडताना खिट्टी उघडायची, वाटी उचलायची. परदेशात म्हाताऱ्या बायका करतात म्हणे. वेल्डरनं नजरेच्या मापानं गोळा केला. तो केसभर मोठा झाला. वरून घण घातल्यावर वाटी बसली, आणि बसली ती बसलीच.

अकरा दिवस! अकरा दिवस अप्पा घर मागं लावून लातूरभर फिरले. भाजीला घर, दाताच्या डॉक्टरकडं घर. एका ठिकाणी मयताच्या घरी भेटायला गेले, तर तिथली माणसं घाबरली, हे किती दिवस राहायला आलेत म्हणून. आणि औशाच्या त्या लग्नात दोन करवल्यांनी कंगवे घेऊन दार वाजवलं. त्यांना वाटलं नवरीच्या मेकअपची गाडी आहे. गल्लीत तर आमचे रस्ते बंद. गाडी वळवायची म्हटलं की पुढची तीन फाटकं उघडावी लागायची.

शेवटी कुणीतरी सांगितलं, नांदेडला हमीदभाई म्हणून जुना लेथवाला आहे, लोखंडाला बोलतं करतो. अप्पा घरासकट निघाले, अहमदपूर, लोहा करत. सोबत आमचे हे, कंबरेचा पट्टा बांधून. हमीदभाईंनी चष्मा वर केला, गोळ्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "अप्पा, ये जोडी तो ऊपरवाले ने बनाई दिखती. मैं कैसा छुडाऊं?"

पण सोडवली. मग नवा गोळा घासला, नवी वाटी केली, दांडीखाली एक छोटं चाक दिलं. हॅन्डल फिरवलं की दांडी आपोआप वर. अप्पा शेजारी उभे राहून हट्ट करत होते: खिट्टी एका हातानं उघडली पाहिजे, ताकद लागली नाही पाहिजे, बिनाचष्म्याचं दिसलं पाहिजे. हमीदभाई वैतागून म्हणाले, "खोलनेवाला कौन है अप्पा? बच्चा है क्या?" तेव्हा अप्पा म्हणे नुसतेच पंख्याकडं बघत राहिले. हे मला आमच्या ह्यांनी परत आल्यावर सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

त्यानंतर महिनाभरानं एका शनिवारी मी सकाळी फिरायला गेले. उजाडलं होतं. बाजारामागच्या मोकळ्या मैदानात अप्पांची जीप आणि घर उभं. जवळ गेले तर डावीकडच्या सीटवर अप्पा. मान कलंडलेली, डोळे मिटलेले, तोंड उघडं. मी "अगं माय!" म्हणून किंचाळले.

"भिऊ नका बाई," मागून काकूंचा आवाज आला. "मेलेत ते."

काकू पदर खोचून दांडीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. हॅन्डल फिरवत होत्या.

"खिट्टी आधी!" मेलेले अप्पा ओरडले. त्यांच्या छातीवर मोबाइल होता, त्यावर सेकंद पळत होते.

"मेलेला माणूस बोलत नसतो. गप पडा!" काकूंनी एका हातानं खिट्टी वर केली, दांडी उचलली गेली, घर सुटलं. मग उठून ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या आणि गिरिजाकाकूंनी, आयुष्यात सायकलसुद्धा न चालवलेल्या गिरिजाकाकूंनी, जीप सुरू करून मैदानाला चक्कर मारली.

चक्कर संपल्यावर माझा चेहरा बघून त्यांनीच सांगितलं. अप्पांच्या छातीचं दुखणं जुनं निघालं होतं. ऑपरेशन झेपायचं नाही असं डॉक्टर म्हणाले होते. काकूंना वर्षभर पत्ता नव्हता. गाडी शिकवायच्या वेळी सांगावं लागलं.

"म्हणले, वाटंत मला काही झालं तर तुला घरासकट गाडी वळवता यायची न्हाई. घर सोडून दे आन मोकळी गाडी घेऊन माणसांत ये. म्हणून ह्यो समदा कुटाणा."

तीन सहली बसून खाल्ल्या आणि या माणसाला शहाणपण शिकवायला गेले, याची मला इतकी लाज वाटली.

"पंचेचाळीस सेकंद," अप्पा उठून बसत खुशीत म्हणाले. "जमलं! सोमवारी निघायचं."

काकू पुन्हा गाडीत बसल्या. मान मागं वळवून त्यांनी जीप हळूहळू उलटी घेतली. एकदा चुकली, पुढं घेतली, पुन्हा मागं. गोळा बरोबर वाटीखाली आणला. उतरून हॅन्डल उलटं फिरवलं, वाटी बसली, खिट्टी खाली. घर जोडलं गेलं.

अप्पा तोंड उघडं टाकून बघत होते. "हे म्या शिकवलं न्हाई."

"न्हाईच शिकवलं. तुमी दुपारी गोळी घेऊन झोपता तवा म्या शिकले."

दुपारी जीपचा आवाज यायचा तेव्हा मला वाटायचं अप्पाच फिरतायत.

"पर कामून?" अप्पांनी विचारलं.

"तुमी म्हणले म्हणून घर रस्त्यावर टाकून येऊ व्हय?" काकूंचा आवाज चढला होता आणि त्या हात पदराला पुसत होत्या. "देव हाय त्यात, चूल हाय. तुमाला दवाखान्यात टाकीन आन घर न्यायला माघारी जाईन. आन तुमाला काही झालंच, तर आपल्या घरातूनच आणीन. परक्या गाडीतून न्हाई आणायची म्या तुमाला."

अप्पांनी मान फिरवली. बराच वेळ ते खिट्टीकडं बघत होते, खांदे हलत होते. काकू तिथंच उभ्या राहून त्यांच्या पाठीवरची धूळ झटकत राहिल्या. धूळबिळ काही नव्हती. मीही उभ्या उभ्या रडून घेतलं.

सोमवारी दोघं निघाले. भाकरी मी करून दिल्या, काकूंइतक्या कडक झाल्या नाहीत. सगळी गल्ली फाटकात आली होती. अप्पा डाव्या खिडकीतून सगळ्यांना हात करत होते आणि गाडी काकू चालवत होत्या.