लरॉय गॅरेजमध्ये गेला की

गॅरेजमधला पारा: शून्याखाली चौदा.

सेंट हबर्ट चर्चच्या पत्रकातली सूचना: या रविवारी बाराची मिस्सा साडेनऊला होईल. कारण सर्वांना ठाऊक आहे.

चौतीस पोस्टकार्डं, बुटांच्या खोक्यात, वर्षवारीने लावलेली.

बॅटरीवर गरम होणारे मोजे, एक जोड. सोबत चिठ्ठी: 'तुझ्या त्यागाबद्दल. कॅरल, समोरचं घर.'

भिंतीवर एक ठोका म्हणजे फील्ड गोल, तीन गुण. दोन ठोके म्हणजे टचडाउन, सहा गुण. तीन ठोके म्हणजे जेवायला ये.

हे सगळं एकाच माणसाच्या वाट्याला आलं होतं. लरॉय डेलफोर्ज, वय एकसष्ट, विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बेच्या कागद कारखान्यात यंत्रदुरुस्तीवर. गावाच्या अमेरिकन फुटबॉल संघावर त्याचा इतका जीव की मुलीचं लग्न त्याने फेब्रुवारीत, बर्फाच्या वादळात लावलं होतं. का, तर तेव्हा मोसम संपलेला असतो. आणि असा हा माणूस ऑक्टोबरपासून संघाचा एकही सामना धड बघू शकला नव्हता. घरात पंच्याहत्तर इंची टीव्ही होता. तो त्यानेच पाठीवर वाहून आणला होता.

झालं असं. ऑक्टोबरच्या एका रविवारी संघ हरत आला होता आणि लरॉय बिअर आणायला गॅरेजमध्ये गेला, कारण दुसरा फ्रीज तिथे असतो. तेवढ्यात घरातून आरोळी उठली. टचडाउन. तो धावत आला, सोफ्यावर बसला, आणि पुढच्याच चालीत आपल्या खेळाडूच्या हातून चेंडू सुटला.

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला लरॉयच्या बायकोचा, मार्जीचा, भाऊ ग्लेन बसला होता. ग्लेन विमा कंपनीत अपघातांची चौकशी करायचा. योगायोग या गोष्टीवर त्याचा नोकरीमुळे विश्वास उरला नव्हता.

"लरॉय," तो सावकाश म्हणाला, "जरा परत गॅरेजमध्ये जा बरं."

"बिअर आणली की मी."

"बिअरसाठी नाही. नुसता जा."

लरॉय हसत गेला. आरोळी उठली. तो हसत परत आला. घरात सन्नाटा. हसणं तिथेच संपलं.

"मी काय म्हणतो," ग्लेन म्हणाला, "आता खुर्ची घेऊनच जा."

तिसऱ्या रविवारी ग्लेनने तक्ता तयार केला. एका बाजूला लरॉय घरात, दुसऱ्या बाजूला लरॉय गॅरेजमध्ये. लरॉय सोफ्यावर असला की संघाचा नुसता सत्यानाश. गॅरेजमध्ये गेला की कार्टी वाघासारखी खेळायची. लरॉयने विचारलं, निदान रेडिओ तरी लावू का. लावून पाहिला. चार मिनिटांत चेंडू समोरच्यांकडे गेला.

"रेडिओसुद्धा बघण्यातच धरायचा," ग्लेनने निकाल दिला आणि मेहुण्याचा फोनही काढून घेतला.

"मार्जी, तू तरी काही बोल."

"मी काय बोलू?" मार्जी म्हणाली. "तुला थंडी वाजू नये एवढंच मला वाटतं." आणि तिने हीटर लावून दिला.

ठोक्यांची युक्ती तिचीच. एक, दोन, तीन. लरॉयचा मोसम त्या भिंतीवर चालायचा. एकदा मार्जी स्वयंपाकघरात मांस कुटत होती आणि लरॉयच्या हिशेबाने संघाने अकरा टचडाउन केले. तो बर्फ उपसायचं फावडं छातीशी धरून एकटाच नाचला. मग जेवायला आल्यावर कळलं, तेरा विरुद्ध दहा, तेही कसेबसे.

"अकरा कुठून येतील रे?" ग्लेन म्हणाला.

"मला काय माहीत? मी भिंत बघतो."

गोष्ट घरात राहिली असती तर निभावलं असतं. पण ग्लेनने स्थानिक रेडिओच्या गप्पांच्या कार्यक्रमात फोन केला आणि पांढऱ्या पायाच्या मेहुण्याची कहाणी नावागावासकट सांगितली. मग काय, गावच कामाला लागलं. शुक्रवारी क्लबात मासे खायला गेलं की लोक पाठीवर हात ठेवून विचारायचे, गॅरेजमध्ये गारठत नाहीस ना. कारखान्यातल्या फोरमनने त्याची रविवारची पाळी बॉयलरच्या मागे लावून दिली, जिथे फोनला रेंज नसते, आणि वर आपण उपकार केले अशा चेहऱ्याने डोळा मारला. हार्डवेअरच्या दुकानात तो अँटेना बघत होता तर दुकानदार म्हणाला, "संपले." शेल्फवर सहा दिसत होते. "ते दाखवायचे आहेत," दुकानदार म्हणाला.

शेवटी लरॉय फादर कॉनराडकडे गेला.

"फादर, ही अंधश्रद्धा नाही का?"

"आहे ना," फादर म्हणाले.

"मग मिस्सेनंतर दोन शब्द बोला की लोकांना."

फादरनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्याच्यावर काही नव्हतं. "बोललो असतो, लरॉय. पण आपण नऊपैकी नऊ जिंकलोय. मीही शेवटी माणूसच आहे."

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाकीट आलं.

आता ग्रीन बेमध्ये स्टेडियमच्या कायमच्या जागेसाठी यादीत नाव घालावं लागतं आणि मग वाट बघावी लागते. लोक पाळण्यातल्या पोरांची नावं घालतात. दरवर्षी एक पोस्टकार्ड येतं, आपला क्रमांक अमुक. लरॉयने स्वतःच्या लग्नाच्या आठवड्यात अर्ज भरला होता, आणि गेली चौतीस वर्षं तो एकेका पायरीने वर सरकत होता. यंदा पोस्टकार्ड नव्हतं, पाकीट होतं. कुणीतरी वारलं असेल, नाहीतर फ्लोरिडाला राहायला गेलं असेल. ग्रीन बेमध्ये या दोन्हींत फारसा फरक करत नाहीत. दोन जागा, रांग एक्केचाळीस, आणि पहिलाच सामना जानेवारीतला, शिकागोवाल्यांशी, बाद फेरीचा, हरला तो घरी.

लरॉयने पाकिटातलं पत्र स्वयंपाकघरात उभ्याने दोनदा वाचलं. मग म्हणाला, "मी हा सामना बघणार. पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत. माझ्या जागेवर बसून. एक सामना, बस."

"अर्थात," मार्जी म्हणाली.

ग्लेन तक्ता घेऊन आला. तक्त्याला आता रंग भरले होते.

"लरॉय, तुला कोण नाही म्हणतंय? जा. फक्त हाच सामना सोड. पुढच्या वर्षीपासून आयुष्यभर जा."

"मी एकसष्ट वर्षांचा आहे."

"तब्येत ठणठणीत आहे तुझी. मी पॉलिसी पाहिलीय ना."

"ग्लेन, तुझा तक्ता घे," लरॉय म्हणाला, "आणि गॅरेजमध्ये जाऊन बस. खुर्ची तिथेच आहे."

घरोघरी बातमी गेली. कॅरलबाई मोजे परत मागायला आल्या. फादरचा फोन आला, ते फक्त एवढंच म्हणाले की प्रार्थना करीन, कुणासाठी ते बोलले नाहीत. पण मार्जी ठाम होती. चौतीस वर्षं ती नवं पोस्टकार्ड फ्रीजवर लावून जुनं खोक्यात ठेवत आली होती. "आम्ही जाणार," ती सगळ्यांना सांगायची, "आणि लरॉय डोळे उघडे ठेवून बघणार."

रविवारी दुपारी बर्फ भुरभुरत होता. बाकं ॲल्युमिनियमची, बर्फाच्या लादीसारखी. लोकांनी बुटांखाली पुठ्ठे घातले होते. एकमेकांच्या मांड्या एकमेकांना चिकटलेल्या, त्यामुळे एक हलला की सगळी रांग हलायची. लरॉयने आपल्या जागेवरचा बर्फ हाताने झाडला, बसला, आणि मैदानाकडे पाहिलं. ते हिरवं होतं. टीव्हीवर दिसायचं त्यापेक्षा लहान, आणि फार हिरवं.

पाच मिनिटांत शिकागोवाले दहा गुणांनी पुढे गेले.

मागच्या रांगेतला माणूस वाकला. अंगात हरणाच्या शिकारीला घालतात तसला भगभगीत नारिंगी कोट. "माफ कर हं, त्रास देतो. तू तो गॅरेजवाला लरॉय तर नव्हेस?"

"नाही," लरॉय म्हणाला.

"हो, तोच," मार्जी म्हणाली. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं.

रांगेत कुजबुज पसरली. पण हे विस्कॉन्सिन. इथे कुणी कुणाला ऊठ म्हणत नाही. नारिंगी कोटवाला म्हणाला, "बरं वाटलं भेटून." आणि एक बिअर पुढे केली. डावीकडच्या आजींनी गरम चॉकलेट दिलं. पुढच्या रांगेतून ब्रँडीची बाटली आली. लरॉयला भरून आलं. गाव त्याला समजून घेत होतं. तिसऱ्या पेल्यानंतर त्याला जाणं भाग पडलं, आणि तो खाली संडासात उभा असताना वर आरोळी उठली.

तो धावत वर आला. शिकागोवाल्यांनी चेंडू पळवला.

"अजून एक बिअर घे," नारिंगी कोटवाला म्हणाला.

आता लरॉयला उमजलं. "मला नको."

"कॉफी?"

"नको."

"थंडीत पोटात काहीतरी ओलं हवं, बाळा," आजी म्हणाल्या. "माझे यजमान असेच गेले."

तो प्यायला. नाही म्हणणं त्यालाही जमत नव्हतं, तोही विस्कॉन्सिनचाच. तो खाली जायचा, आरोळी उठायची. वर यायचा, हाय खायचा. चौथ्या, म्हणजे अखेरच्या, भागाच्या शेवटी सतरा-सतरा झाले तेव्हा चौतीस वर्षांच्या प्रतीक्षेतून त्याने एकूण अकरा मिनिटांचा खेळ पाहिला होता, आणि त्या अकरा मिनिटांत आपल्या संघाने एकही शहाणपणाची गोष्ट केली नव्हती.

आठ सेकंद उरले. शेहेचाळीस यार्डांवरून एक किक. दोन खांबांच्या मधून गेली तर जिंकलो.

लरॉय उभा राहिला आणि रांगेकडे वळून म्हणाला, "आता मी हलणार नाही. समजलं? बिअर नको, कॉफी नको. पोट फुटलं तरी चालेल. मी ही किक बघणार."

मग नारिंगी कोटवाल्याने टोपी काढली. "बस, लरॉय. तुझा हक्क आहे. हरलो तर हरलो."

"बस, बाळा," आजी म्हणाल्या आणि त्यांचे डोळे पाणावले.

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तो खुशाल बसला असता. त्याने मार्जीकडे पाहिलं. मार्जी समोर मैदानाकडे बघत होती. फक्त तिने आपले दोन्ही गुडघे किंचित बाजूला घेतले, जाणाऱ्याला वाट द्यावी तसे.

"मरा सगळे," लरॉय म्हणाला आणि निघाला.

जिन्याखाली, संडासांच्या पलीकडे, काँक्रीटची एक लांब भिंत होती. तो तिथे वळला आणि थबकला. भिंतीकडे तोंड करून माणसं उभी होती. पंधरा तरी असतील. हिरवे-पिवळे कोट, हात खिशात.

"हे काय चाललंय?" लरॉयने विचारलं.

टोकाचा म्हातारा मान न वळवता म्हणाला, "हळू बोल. किक आहे."

"ते माहीत आहे. म्हणून तर मी आलो. मी बघितलं की संघ हरतो."

रांगेतून एक दबलेलं हसू गेलं.

"तू बघितलंस की?" म्हातारा म्हणाला. "मी ब्याण्णव सालापासून इथे उभा आहे. माझ्यामुळे किती सामने वाचले, विचार कुणालाही."

"तुझ्यामुळे काय, डेनिस," मधला एक जण म्हणाला. "तू मागे हर्नियाच्या वेळी आला नव्हतास, तेव्हाही जिंकलो. तेव्हा मी होतो."

"भांडू नका," तिसरा म्हणाला. "अहो, नवीन, तुम्ही तिकडे दाराजवळ उभे राहा. तिथे वारा लागतो, पण इलाज नाही, इथल्या जागा ठरलेल्या आहेत."

लरॉयचं डोकं सणकलं. चार महिने गॅरेज, रेडिओ नाही, फोन नाही, भिंतीवरचे ठोके. आणि इथे पंधरा जण. त्याला ओरडून सांगायचं होतं की अहो, पंधरा माणसं एकाच वेळी पनवती कशी असतील, जरा अक्कल वापरा. तोंडही उघडलं होतं त्याने. तेवढ्यात वर ऐंशी हजार माणसं एकदम गप्प झाली. चेंडू ठेवला गेला असणार. लरॉय झटकन दाराजवळ गेला आणि भिंतीला नाक लावून उभा राहिला.

मग वरून धूळ पडावी अशी आरोळी उठली.

भिंतीजवळच्या माणसांनी एकमेकांशी हात मिळवले. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच ओशाळं, विनम्र हसू होतं, की काही नाही हो, आपलं कर्तव्य. लरॉयच्याही चेहऱ्यावर तेच आलं. त्याला ते पुसता येईना.

"पुढच्या रविवारी लवकर ये," म्हातारा डेनिस म्हणाला. "गर्दी असते."

"येतो," लरॉय म्हणाला.

वर मार्जी बाकावर बसूनच होती, आजूबाजूला लोक नाचत होते.

"कशी गेली किक?" त्याने विचारलं. "मधून गेली की खांबाला लागून?"

"मला काय माहीत?" मार्जी म्हणाली. "मी डोळे मिटले होते."

आदल्या वर्षी लरॉयने मोसमातले सगळे सतरा सामने सोफ्यावर बसून पाहिले होते, आणि संघ त्यांतले तेरा जिंकला होता.