चार सेल आणि सहा सेल

"यंत्र आन बैल रंग बघून घेणाऱ्याचं या जगात कधी भलं झाल्यालं न्हाय!" असं दत्तोबांनी कन्हेरीच्या आपल्या ओसरीवरून जाहीर केलं. तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढल्यामुळे यंत्रातलं आपल्याला सगळं कळतं, अशी त्यांची समजूत होती. हातातलं यंत्र त्यांनी उलटं धरलंय, हे मात्र चहा ठेवायला आलेल्या कुशाबाईंना सांगावं लागलं.

यंत्र म्हणजे हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. बोटीवर नोकरीला असलेल्या सिद्धू पुतण्यानं तो पंच्याण्णव सालच्या शिमग्याला काकांना आणून दिला. करडा, ठोकळ्यासारखा जाड, चार पेन्सिल सेलवर चालणारा. हिरवट काचेवर वरून विटा पडायच्या, त्या खाली नीट रचायच्या. साठी ओलांडलेले दत्तोबा महिनाभर विटा रचत होते. गोठ्याची पडकी भिंत तशीच होती.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण नातीच्या बारशाला वरकुट्याहून व्याही बापूसाहेब आले ते काखेत तसलंच एक यंत्र मारून. हे दुबईचं. काळंभोर, लांबरुंद, चित्र रंगीत, काचेमागं स्वतःचा दिवा. सेल मात्र सहा लागत. बापूसाहेबांनी दत्तोबांच्या यंत्रात डोकावून पाहिलं आणि चष्मा पुसला.

"पाव्हणं, हितं काय दिसतंय का? शेवाळल्या हौदात मुंग्या मेल्यागत वाटतंय."

"तुमचं रंगीत हाय, व्हय. पण सहा सेल खाऊन तीन तासांत मान टाकतंय. पेंड पोतंभर आन दूध पेलाभर!"

"तुमच्या कारागिरानं साधा दिवा बी घातला न्हाय. दुसऱ्याच्या उजेडात बसून खेळायचं?"

"त्यानं इचार केला, माणूस घराभायेर पडला तर सेल कुठनं आणंल? तुमचा कारागीर नुसता नटवायच्या नादात. नवरी नटवली, शिदोरी इसरला."

"आन तुमच्यानं शिदोरी बांधली, नवरीच इसरला!"

हा वाद एवढ्यावर मिटला असता. पण नातीच्या नावाचा वाद आधीपासून उकळत होता. दत्तोबांना आपल्या आईचं 'सारजा' हे नाव चालवायचं होतं. आईनं मरताना तेवढंच मागितलं होतं, असं ते सांगत. बापूसाहेबांनाही आई होती, आणि तिचं नाव तानूबाई होतं. शेवटी पैज ठरली. पाळणा बाराला. नऊपासून दोघांनी खेळायला बसायचं. बाराला ज्याचं यंत्र जिवंत, त्याच्या आईचं नाव. मुलीचं नाव आत्यानं ठेवायचं असतं हे दोघांनाही आठवलं नाही, आणि आत्याला, म्हणजे बापूसाहेबांच्याच लेकीला, मनिषाला, कुणी विचारलं नाही.

दत्तोबांचं मनगटी घड्याळ मागं आहे यावर बापूसाहेबांचा, आणि बापूसाहेबांचं पुढं आहे यावर दत्तोबांचा पक्का विश्वास होता. म्हणून दोन्ही मनगटी घड्याळं काढून फडताळात ठेवली आणि माजघरातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा निकाल मान्य करायचं ठरलं. त्यासमोर घरच्या गड्याला, बिरदेवाला बसवलं. त्याचा अर्धा जन्म मेंढरांमागं गेलेला. सांगितलेल्या कामाच्या बाहेर तो बोटभरही जात नसे.

"काट्यावर नजर ठेव," दत्तोबा म्हणाले. "बाकी कायबी बघू नगंस."

करड्या यंत्राचं अंधारात काही दिसेना, म्हणून दत्तोबा अंगणात उन्हात बाज टाकून बसले. काळ्या यंत्राचं उन्हात काही दिसेना, म्हणून बापूसाहेब माजघरात लोडाला टेकले. साडेअकराला त्यांच्या यंत्राचा दिवा तांबूस झाला आणि विझला. बापूसाहेब डगमगले नाहीत.

"विहीणबाई, घरात सेल असतील का?"

कुशाबाईंना पैज ठाऊक होती. पण लेकीचा सासरा आपल्या घरात बसून काही मागतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? पाहुण्यानं कोंबडं मागितलं तर कोंबडं कापायचं, सेल मागितले तर सेल काढायचे. त्यांनी टीव्हीच्या रिमोटचे दोन दिले, दत्तोबांच्या ट्रान्झिस्टरचे दोन दिले, गजराच्या घड्याळाचा एक दिला.

"एक कमी पडतोय," बापूसाहेब संकोचानं म्हणाले.

कुशाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं, स्टूल ओढलं आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काढून दिला. बिरदेव काट्याकडं बघतच होता.

बाहेर लिंबाची सावली सरकत बाजेवर आली. दत्तोबांनी बाज उन्हात ओढली. सावली पुन्हा आली, बाज पुन्हा सरकली. असं करत ते उकिरड्याच्या कडेला पोहोचले. टक्कल तापून तांब्याच्या हंड्यासारखं झालं. ओठ सुकले. विटा पडतच होत्या, यंत्र ठणठणीत होतं.

"बिरदेवा, किती वाजलं?"

"पावणेबारा, आबा!"

मग पाळण्याचं गाणं ऐकू आलं. बायका सराव करत असतील, असं दत्तोबांना वाटलं. मग जिलबीचा वास आला. मग जेवलेली माणसं हात धुवायला उकिरड्याकडं येऊ लागली.

"बिरदेवा!"

"पावणेबाराच!"

"मघाशी बी पावणेबाराच म्हणलास की!"

"मघाशी बी तेवढंच हुतं!"

दत्तोबा यंत्र उंच धरून घरात शिरले. माजघरात बापूसाहेब लोडावर घोरत होते. काळं यंत्र उसन्या सेलांवर जेमतेम वीस मिनिटं जगून त्यांच्या पोटावर थंड पडलं होतं.

"जिंकलो!" दत्तोबा ओरडले. "चालू हाय! आता पोरीचं नाव सारजा!"

मनिषानं पाळण्याची दोरी ओढली. "उत्कर्षा ठेवलं, काका. शेजारच्या शकुबाईंच्या घड्याळात बारा वाजलं आन मी कानात सांगितलं बी. पाठीत धपाटं बी खाल्लं."

"आन पैज?"

"ती तुमची दोघांची हुती. नाव पोरीचं हाय."

दत्तोबांनी बिरदेवाकडं पाहिलं. बिरदेव काट्याकडं पाहत होता. मग त्यांनी सगळ्यांना दिसेल असं यंत्र पुढं धरलं. पाच तास झाले होते, तरी विटा पडत होत्या. काही झालं तरी ज्यानं शिदोरी बांधली त्याचंच खरं, हे कुणीतरी म्हणायला हवं होतं.

कुशाबाई जवळ आल्या. त्यांनी यंत्र निरखून पाहिलं.

"अजून चालू हाय व्हय? लई बरं झालं. तेवढा एक सेल काढून द्या बघू, घड्याळ बंद पडलंय."