न घेतलेली हरकत

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं ग्रंथपाल पुढे बरेच दिवस सगळ्यांना सांगत होते. पण राहून गेलं हे काही खरं नव्हतं. उत्तर त्यांनी नऊ वेळा लिहिलं होतं. वेळेत पाठवलं मात्र एकदाही नव्हतं.

पत्र शेजारच्या नर्सबाईंचं होतं. नर्सबाई आणि ग्रंथपाल दोघंही निवृत्त. दोघांच्या घरांमध्ये कमरेइतकी भिंत, आणि भिंतीपलीकडे नर्सबाईंची अकरा लिंबाची झाडं. निवृत्त झाल्याच्या वर्षी त्यांनी ती लावली आणि वॉर्डातल्या पेशंटसारखी सांभाळली. पत्र चार ओळींचं होतं. चार झाडांना खैऱ्या रोग लागला आहे. रोगट फांद्या छाटून कोपऱ्यात रचल्या आहेत. नवी पालवी फुटायच्या आत त्या जाळल्या नाहीत, तर उरलेली सात झाडंही जातील. पालिकेच्या नियमाप्रमाणे लगतच्या शेजाऱ्याची लेखी संमती लागते, तरी आपली हरकत नसल्यास तसे कळवावे.

आता ग्रंथपालांनी जन्मात कशाला हरकत घेतली नव्हती. हॉटेलात दुसऱ्याचा चहा समोर आला तरी ते तोच पीत. तेव्हा 'हरकत नाही' एवढे दोन शब्द लिहायला त्यांना अडचण पडायचं कारण नव्हतं.

पण लिहिल्यावर ते शब्द त्यांना कोरडे वाटले. जणू लिंबं जगोत की मरोत, आपल्याला काय त्याचं! म्हणून त्यांनी 'आपण अवश्य जाळावे' असं लिहिलं. तो हुकूम वाटला. मग वाटलं, समजा आपण संमती दिली आणि ठिणगी उडून बाईंच्या घराच्या खिडकीत गेली, तर? सही आपली. आपल्याला आगीतलं काय कळतं, की आपण खुशाल संमती देऊन बसावं?

"अरे, होय म्हणायचंय ना तुला?" त्यांच्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, विचारलं. ती त्यांच्याकडेच राहत असे.

"हो."

"मग भिंतीवरून तोंड काढ आणि सांग."

"लेखी मागितलंय, ताई."

"मग लिही."

"तेच तर करतोय."

"चार दिवस? तेवढ्यात माणसं घरं बांधतात."

शेवटी ग्रंथपालांनी ठरवलं, की आधी नियम वाचायचे. पालिकेतून त्यांनी 'उघड्यावर ज्वलन करण्याबाबतचे नियम' ही पुस्तिका आणली. चोवीस पानं होती. कोणतंही पुस्तक मधूनच उघडणं त्यांना आयुष्यभर गैर वाटत आलेलं, त्यामुळे ती त्यांनी पहिल्या पानापासून, समासात पेन्सिलीनं खुणा करत, रोज दोन पानं अशी वाचायला घेतली.

तिसऱ्या पानावर वाऱ्याचा नियम होता. झाडाची पानं हलत असतील पण फांद्या हलत नसतील, इतपतच वारा चालेल. हे नुसतं वाचून कळण्यासारखं नव्हतं. म्हणून ग्रंथपाल रोज सकाळी खुर्ची पायरीवर मांडून नर्सबाईंच्या झाडांकडे टक लावून बसू लागले. नर्सबाई पाणी घालायला आल्या की त्यांना हे दिसे. पहिल्या दिवशी त्या हसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी नुसती मान हलवली. सहाव्या दिवशी त्या पाठ करून पाणी घालू लागल्या.

सातव्या पानावर अंतराचा नियम होता. ढीग इमारतीपासून दहा मीटर दूर हवा. ग्रंथपालांनी ताईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली. ती दीड मीटरची. तेव्हा भिंतीच्या कडेनं ओणवं होऊन, खडूनं खुणा करत, त्यांनी मोजायला सुरुवात केली. चौथ्या खुणेशी त्यांना समोर दोन चपला दिसल्या. कोपऱ्यावरचा लॉन्ड्रीवाला इस्त्रीचे कपडे द्यायला आला होता.

"काय काका, मोजताय?"

"हो. जरा अंतर बघतोय. ढिगाचं."

लॉन्ड्रीवाल्यानं ढिगाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "पुरावा गोळा करताय ना? करा. कोणीतरी करायलाच पाहिजे होतं. मागच्या वर्षी त्या वरच्या गल्लीत पाला जाळला, माझ्या बावीस चादरी काळ्या. दोनदा धुतल्या तरी धुराचा वास जाईना. मी ओरडलो, तर कोण ऐकतो? पण तुमच्यासारखा शिकलेला माणूस उभा राहिला म्हणजे वेगळं."

"तसं नाही हो, मी आपला..."

"कळलं, कळलं. बोलायचं नाही. शाबास!"

तो गेला. ग्रंथपाल हातात टेप धरून उभेच राहिले. 'तसं नाही' याच्या पुढचं वाक्य त्यांना पंधरा मिनिटांनी सुचलं. चांगलं होतं. पण तोवर लॉन्ड्रीवाला पाच घरं पुढे गेला होता आणि पाचही घरांत सांगून झालं होतं.

सतराव्या दिवशी पालिकेचा लखोटा आला. ग्रंथपालांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. 'आपण घेतलेली हरकत नोंदवण्यात आली असून त्याबाबतची सुनावणी पंचवीस तारखेस होईल.'

"मी हरकत घेतली?" त्यांनी ताईला विचारलं.

"तू? तू डास चावला तरी हात आखडता घेतोस."

त्यांनी पुस्तिका काढली. आजवर ते सोळाव्या पानापर्यंत आले होते. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी पानं गाळून पुढचं वाचलं. बाविसाव्या पानावर स्वच्छ छापलं होतं: पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास शेजाऱ्याची हरकत आहे असे समजण्यात येईल.

ग्रंथपाल तडक उठले, भिंतीपाशी गेले. नर्सबाई एका झाडाखाली वाकून पान उलटं करून बघत होत्या. रोग लागलेलं हे पाचवं झाड, हे ग्रंथपालांनी ओळखलं. बाईंनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तिथं नुसता थकवा होता.

"बाई," ग्रंथपाल म्हणाले.

"काही बोलू नका. घेतलीत ना हरकत? तुमचा हक्क आहे तो." आणि त्या आत गेल्या.

त्या रविवारी नर्सबाई नेहमीसारख्या ग्रंथपालांचं बीपी तपासायला आल्या नाहीत. अकरा वर्षांत ही पहिली वेळ. ग्रंथपाल बाही वर करून साडेदहापर्यंत बसून राहिले. मग ताईनं ती खाली केली आणि बटण लावून दिलं.

आल्या नाहीत त्या नर्सबाई. बाकी सगळे आले. लॉन्ड्रीवाला आणखी तिघांना घेऊन आला. एकाला दमा होता, एकाची गाडी नुकतीच रंगवलेली होती आणि तिसऱ्याला समिती म्हटलं की राहवत नसे. त्यांनी धूरविरोधी समिती काढली होती आणि अध्यक्ष निवडला होता.

"पण मला विचारलं नाहीत," ग्रंथपाल म्हणाले.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता," दम्यावाले म्हणाले. "मोठी माणसं नाहीच म्हणतात."

"पण मी खरंच..."

"बघा! हा नम्रपणा."

ताई दारात उभी राहून ऐकत होती. ते गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "लहानपणापासून आई म्हणायची, हा गप्प बसतो त्यात कोणाचं काही जात नाही. बघ आता, जातंय का."

ते वाक्य ग्रंथपालांच्या डोक्यातून गेलं नाही. आपण बोललो नाही म्हणजे आपण कोणाला दुखावलं नाही, अशा समजुतीवर त्यांनी सत्तर वर्षं काढली होती. आपल्या गप्प बसण्याचा लोक काय अर्थ लावत असतील, हा विचार इतक्या पुस्तकांत त्यांना कुठं भेटलाच नव्हता, की भेटूनही त्यांनी पान उलटलं होतं?

सुनावणी पालिकेच्या मागच्या खोलीत झाली. उघड्यावरच्या ज्वलनाचा विभाग म्हणजे एक टेबल होतं. त्याच्या दुसऱ्या बाजूला जन्ममृत्यूचे दाखले मिळत. कारकुनानं पंख्यानं उडू नयेत म्हणून कागदांवर कुलूप ठेवलं होतं. एका बाकावर नर्सबाई, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक पान. दुसऱ्या बाकावर ग्रंथपाल आणि त्यांच्या मागे, पाठिंबा म्हणून, अख्खी समिती.

"बोला," कारकून ग्रंथपालांना म्हणाला. "हरकत कशासाठी?"

ग्रंथपालांनी तोंड उघडलं. सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तोंड मिटलं.

"साहेब, त्यांचं गप्प बसणंच बोलतंय," लॉन्ड्रीवाला मागून म्हणाला.

कारकुनानं लिहून घेतलं: 'हरकतदार विचारपूर्वक गप्प.' मग तो नर्सबाईंकडे वळला. "तुमचं म्हणणं?"

नर्सबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. पानावर तपकिरी, खरखरीत ठिपके होते. "हे पाचव्या झाडाचं. महिन्यापूर्वी चारच होती. पालवी आठवड्याभरात फुटेल. माझं म्हणणं एवढंच, की अकराही गेल्यावर जाळायची परवानगी दिलीत तर ती काही मला नको."

कारकून अर्ज चाळू लागला. चाळता चाळता थांबला, चष्मा कपाळावर नेला, कागद डोळ्यांजवळ आणला.

"हे काय आहे? नियम आठ. ज्वलनाच्या वेळी पाण्याची बादली घेऊन दोन जबाबदार माणसं हजर हवीत. पहिलं माणूस अर्जदार. दुसरं माणूस..." त्यानं मान वर केली. "दुसरं माणूस तुम्हीच आहात की हो! बारा वर्षं हे टेबल सांभाळतोय. जाळू नका म्हणणारा आणि बादली घेऊन उभा राहणारा एकच माणूस आज बघतोय."

समितीनं अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी नर्सबाईंकडे बघितलं.

"अर्जात लिहिलं तेव्हा विचारलं नाही," नर्सबाई खाली बघत म्हणाल्या. "म्हटलं, त्यात विचारायचं काय? आग पसरली तर बाकीचे पळतील. हा माणूस पळायचा नाही. आधी नियम वाचेल, पण पळायचा नाही."

"माझी हरकत नाही," ग्रंथपाल म्हणाले.

इतकं हळू म्हणाले, की कारकुनाला पुढं वाकावं लागलं. "काय?"

"नाही हरकत. नव्हतीच. मी उत्तर लिहीत होतो."

"तीन आठवडे?" नर्सबाईंनी विचारलं.

"चांगलं जमेना."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "हे तोंडी चालत नाही, आजोबा. गप्प बसलात ते चाललं, पण बोललात ते चालणार नाही. संमती लेखी पाहिजे, अर्जदाराच्या नावानं, टपालानं, शिक्क्यासकट. मागे एकानं हातोहात दिली आणि नंतर दिलीच नाही म्हणाला, डोकी फुटली. तेव्हापासून टपाल. आणि पहिल्या तारखेपासून चार महिने जाळणं बंद. शिक्का पडल्यापासून परवान्याला पाच दिवस लागतात. म्हणजे शिक्का आजचा हवा. टपाल चार वाजता उचलतात."

घरी पोचायला ग्रंथपालांना बारा वाजले. एक वाजता त्यांनी कागद घेतला. तीन वाजता टेबलावर सहा कागद होते. एकात खैऱ्या रोगाबद्दल खेद होता, एकात शेजारधर्माबद्दल विचार होते, आणि एक दोन्ही बाजूंनी भरलेला होता, तो माफीचा.

"साडेतीन झाले," ताई म्हणाली. "मी सांगू का काय लिहायचं?"

"नको. सुचतंय."

"तीच तर भीती आहे."

ग्रंथपालांनी सातवा कागद ओढला. घड्याळाकडे बघितलं. आणि पहिल्यांदाच, लिहिलेलं पुन्हा न वाचता, घडी घालून पाकिटात टाकलं. पाकिटावर पत्ता लिहिला, तिकीट चिकटवलं आणि चपला घातल्या.

कोपऱ्यावर लॉन्ड्रीवाला दारात आला. "काका, पत्र? समितीचं?"

"नाही. संमतीचं." ते थांबले. थांबायला वेळ नव्हता, तरी थांबले. "मी अध्यक्ष नाही. कधीच नव्हतो. हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं, चूक माझी. आणि हे बघ, परवाना मिळाला की तीस किंवा एकतीस तारखेला जाळू. सकाळी सात ते दहा. दिवस नक्की झाला की मी स्वतः येऊन सांगेन. तेवढा वेळ चादरी बाहेर टाकू नकोस."

लॉन्ड्रीवाला बघत राहिला. "एवढंच?"

"एवढंच."

"मागच्या वर्षी कोणी एवढं सांगितलं असतं, तर मी कशाला समिती काढतोय?" तो म्हणाला, आणि आत जाऊन त्यानं कॅलेंडरवर दोन्ही तारखांना गोल केले.

चारला सात मिनिटं कमी असताना ग्रंथपाल धापा टाकत टपालपेटीपाशी पोचले. पोस्टमननं पेटी उघडून पत्रं पोत्यात भरायला सुरुवात केली होती. पेटीला टेकून, हाताची घडी घालून, नर्सबाई उभ्या होत्या.

"किती धावलात," त्या म्हणाल्या. "बीपी वाढलं असेल. द्या ते इकडे."

ग्रंथपालांनी पाकीट त्यांच्या हाताला चुकवून पोत्यात टाकलं.

पोस्टमननं ते उचलून पत्ता वाचला. "हे तर तुमचंच आहे की, नर्सबाई. घ्या, उद्याचा माझा फेरा वाचला."

"थांबा!" ग्रंथपाल इतक्या मोठ्यानं ओरडले, की रस्त्यापलीकडचे दोघं वळून बघू लागले. "माझी हरकत आहे. शिक्का मारल्याशिवाय ते पत्र कोणाच्याही हातात द्यायचं नाही. यांच्याही नाही."

पोस्टमन चपापला. त्यानं नर्सबाईंकडे बघितलं. त्या तोंडावर पदर धरून हसत होत्या.

"ऐका बाबा त्यांचं," त्या म्हणाल्या. "मी वाट बघेन उद्यापर्यंत."

पोस्टमननं पाकीट पोत्यात टाकलं, पोत्याचं तोंड आवळलं आणि सायकलला टांग मारली.