दुर्बीण आणि शर्टाची शेपटी

आमच्या शिकारी कॅम्पातली भिंत खुशाल तपासा, गेल्या वर्षापर्यंतची माझ्या शर्टाची एकही शेपटी तिथे सापडणार नाही! हरणावर गोळी झाडून नेम चुकला, की शर्टाचा मागचा, पँटमध्ये खोचायचा भाग कापून भिंतीला ठोकायचा, हा पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरातला कायदा. त्यातून आमचे पाद्रीसुद्धा सुटलेले नाहीत.

यंदा मात्र पंचाईत होती. बंदुकीच्या नळीवरचा, नेम धरायचा पुढचा मणी मला उकडलेल्या बटाट्याएवढा दिसायला लागला होता. आणि अंगात असणार होता माझ्या बायकोने, आर्लीनने, शेवटच्या आजारपणात शिवलेला लाल चौकडीचा शर्ट. शिकारीच्या पहिल्या दिवशी हाच घालायचा, असं बजावून ती गेली. त्याला कात्री लागलेली मला सोसवली नसती.

तिचा भाऊ डेलमार म्हणाला, बंदुकीवर मागे, डोळ्याजवळ, भोकाची चकती बसवा, भोकातून पाहिलं की मणी स्पष्ट दिसतो, म्हाताऱ्या डोळ्यांना बरं. मला म्हातारा म्हणाला, म्हणून चिडून मी चकतीऐवजी बंदुकीवर बसवायची दुर्बीणच आणली. आमच्या जुन्या रायफलीचा लिव्हर, म्हणजे खालचा दांडा, ओढला की रिकामं काडतूस सरळ वर उडतं, म्हणून दुकानदाराने दुर्बीण बाजूला बसवायची पट्टी दिली होती. पण तिरकी दुर्बीण मला बघवेना. घरीच खटपट करून मी ती मधोमध बसवली.

पहिल्याच सकाळी समोर हरीण. दुर्बिणीत त्याच्या पापण्यासुद्धा दिसत होत्या. मी गोळी झाडली, ती शेजारच्या झाडात घुसली. लिव्हर ओढला, तर काडतूस दुर्बिणीवर आपटून परत आत पडलं आणि अडकलं. मी खटाखट लिव्हर हलवतोय आणि हरीण उभं राहून बघतंय. शेवटी कंटाळून तेच निघून गेलं.

संध्याकाळी डेलमार कात्री घेऊन आला.

"माझे बाकीचे सगळे शर्ट काप," मी म्हणालो. "हा नको. तिच्या हातचं एवढंच उरलंय रे."

"माझीही बहीण होती ती, दाजी. वळा."

मी वळलो. डोळे भरून आले होते. बराच वेळ कात्री वाजेना. मग डेलमार हसायला लागला, तो पार नाक पुसेपर्यंत.

"दाजी, ही शेपटी वेगळी जोडलीय. नुसता कच्चा टाका घातलाय."

त्याने एक दोरा ओढला. शेपटी अलगद निघाली. वर शर्टाची कड तिने आधीच दुमडून पक्की शिवून ठेवली होती.

जन्मभर म्हणायची, तुझ्यासारखा नेम कुणाचा नाही. आठवण तर रोजच येते, पण त्या क्षणी ती समोर हवी होती. एकदा विचारायचं होतं तिला, मग ही शेपटी सुटी का जोडलीस?