अर्ध्या एचपीची शेळी

नदीतून कुणी किती पाणी उपसायचं, याचा कायदा व्हायचा होता. मसुद्यावर चर्चा करायला मुंबईची उपसमिती थेट आमच्या गावात आली. नदीत ज्याची मोटर, तो जाणकार, असं धरून आम्हाला बोलावणं आलं. माझ्या दोन मोटरी, म्हणून मी जरा जास्त जाणकार.

पाहणी म्हटल्यावर रिवाजाप्रमाणे आम्ही मोटरी काढून कडब्याच्या गंजीत घातल्या. नदीत एकही मोटर आढळली नाही, अशी नोंद झाली. काठावर सत्यभामाबाईच्या चाळीस शेळ्या पाणी पीत होत्या. तीही नोंद झाली.

मसुद्यात मर्यादा होती पाच एचपीची. आमचे पुढारी बंकटराव म्हणाले, उसाला सूट द्या. त्यांच्याविरुद्ध तीनदा पडलेले अमरसिंह म्हणाले, मग मोसंबीनं काय पाप केलं? वीस वर्षांत पहिल्यांदा दोघांचं जुळलं. मटणाचं जेवण होईस्तोवर कापूस, कांदा, वीटभट्टी आणि मंगल कार्यालय, सगळं सुटलं. सूट एकच ठरली: ज्याची मोटर, त्याला मर्यादा नाही.

अध्यक्षसाहेब चिंतेत पडले. "अहो, कायद्यात कुणीतरी सापडायला पाहिजे. न्हाईतर त्याला कायदा कोण म्हणंल?"

मला खोडी सुचली. म्हटलं, "साहेब, पाहणीत दिसलं तेच धरा की. शेळीचं तोंड म्हंजी अर्ध्या एचपीची मोटरच हाय."

सगळे हसले. साहेबांनी मात्र पेनाचं टोपण काढलं. 'उपसा-साधन : यांत्रिक अथवा जैविक.' चाळीस तोंडं, वीस एचपी, मर्यादेच्या चौपट. एकमतानं मंजूर. सह्या झाल्या. माझीही झाली, कल्पना आपली आणि सही नाही, हे बरं दिसलं नसतं.

कायदा लागू झाल्यावर सत्यभामाबाई माझ्याकडं आली. "कावून रे बापू, शेळ्यांनी पाणी न्हाई प्यायचं तर मी त्यांला काय पाजू?"

मी तिला साहेबांकडं नेलं. साहेब सज्जन. म्हणाले, मोटर घ्या, लगेच सूट मिळेल. बाईनं दहा शेळ्या विकून मोटर घेतली. तिचं बघून बाकीच्या धनगरांनी घेतल्या, मग ज्यांना शेतच नाही त्यांनीही घेतल्या. महिन्याभरात नदी आटली. बेकायदा एक थेंबही उपसला गेला नाही.

पाण्यावाचून बाईनं शेळ्या विकल्या. एक गाभण शेळी तेवढी ठेवली अन् ती घेऊन शहरात लेकीकडं, करिष्माकडं गेली. तिथं नळाला पाणी सुटलं की शेजारीपाजारी नळालाच मोटर लावत. लेकीच्या नळाला नुसती हवा. शेळी तहानेनं बें-बें करायला लागली, तशी बाई बादली घेऊन शेजारच्या दाराशी गेली.

आतून आवाज आला, "मावशी, आम्हालाच पुरत नाही हो."

त्या घराची गच्चीवरची टाकी तेव्हा भरून वाहत होती.

बाईनं मला फोनवर त्या माणसाचं नाव सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही. तो हे वाचतोय.